वाऱ्याची घाई व घराची शांतता



घरांतील हवा खेळती असावी, हें आपणांपैकीं कोणासहि सांगावें लागत नाहीं. स्वयंपाकघरांतील धूर व फोडणीचा खाट, न्हाणीघरांतील वाफ, बंद खोलींत रात्रभर सांचलेले उच्छ्‌वास, हें सर्व बाहेर गेलें पाहिजे व त्याच्या जागीं ताजी हवा आली पाहिजे. शहरांतील घरें जसजशीं एकमेकांस खेटून उभीं राहूं लागलीं, तसतसें हें काम नुसत्या खिडकीच्यानें होईनासें झालें, आणि तें आपण विजेच्या पंख्यावर व हवा वाहून नेणाऱ्या नळांवर सोंपविलें. पंखा तें काम करतोहि. परंतु करतांना तो इतका घोंघावतो कीं, घरांतील कोणी तरी त्रासून अखेर त्याची कळ बंद करतें. ती कळ बंद झाली कीं पंख्याचा सारा उपयोग संपला. म्हणून पंख्याचा आवाज ही केवळ कानांच्या सुखाची बाब नव्हे. कर्कश पंखा म्हणजे बंद पंखा, व बंद पंखा म्हणजे कोंदट घर, असा हा सरळ हिशेब आहे.

या प्रश्नाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे. तो सुमारें तीनशें वर्षांचा असून त्यांत एकच गोष्ट पुनःपुन्हां प्रत्ययास येते. वाऱ्याला घाई केली म्हणजे तो ओरडतो. त्याला रुंद वाट व पुरेसा अवधि दिला म्हणजे तो मुकाट्यानें काम करतो. हें तत्त्व माणसाच्या हातीं पूर्वींच, बरेंचसें नकळत, लागलें होतें. मध्यंतरीं विजेच्या वेगाच्या भरांत तें सुटलें. आणि पुढें पुष्कळ मोजमाप करून तें पुन्हां मिळवावें लागलें.

प्रथम आवाज उत्पन्न होतो कसा, तें पाहूं. मोकळ्या माळावर वाहणारी झुळूक ऐकूं येत नाहीं. तीच दाराच्या फटींतून शिरूं लागली कीं शीळ घालते. हवा अडली, वळली किंवा अरुंद जागेंतून रेटली गेली, म्हणजे तिच्यांत भोंवरे उठतात, व त्या भोंवऱ्यांचा आवाज होतो. पंख्याच्या बाबतींत अशीं आवाजाचीं उगमस्थानें तीन आहेत. पहिलें, पंख्याचीं पातीं. तीं हवा कापीत जातात व आपल्यामागें भोंवरे सोडतात. दुसरें, मोटरीचा कंप. तो ज्या भिंतीला वा छताला पंखा घट्ट बसविलेला असतो तिला मिळतो, आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यानें तारेचा नाद वाढवावा त्याप्रमाणें भिंत तो वाढविते. तिसरें, हवेचा नळ. त्यांतून धांवणारी हवा प्रत्येक वळणाशीं व तोंडावरच्या जाळीशीं अडखळते. शिवाय हाच नळ एका खोलींतील बोलणें दुसऱ्या खोलींत नेऊन पोंचवितो, तें वेगळेंच.

या इतिहासाचें पहिलें ठिकाण म्हणजे लंडनच्या पार्लमेंटांतील कॉमन्स सभेचें जुनें सभागृह. दाटीवाटीनें बसणारे सभासद, मेणबत्त्यांचा उष्मा आणि तासन्‌तास चालणारे वादविवाद यांमुळें तेथें जीव गुदमरून जाई. सर ख्रिस्तोफर रेन या विख्यात स्थपतीनें छतास भोंकें पाडून उष्ण हवेला वर जाण्यास वाट करून दिली होती. परंतु त्याच भोंकांतून थंड हवा सभासदांच्या डोक्यांवर उतरे. १७२३ सालीं हें काम जॉन थिऑफिलस डेझाग्युलिए याजकडे आलें. हा जन्मानें फ्रेंच, धर्मच्छळामुळें बालपणींच इंग्लंडांत आलेला, आणि न्यूटनच्या सिद्धांतांवर सप्रयोग व्याख्यानें देण्यांत नांवाजलेला. त्यानें वरच्या मजल्यावर शेगड्या बसविल्या. तापलेली हवा धुराड्यांतून वर चढते व आपल्यामागें खालची हवा ओढून घेते, एवढेंच त्यांतील तत्त्व. योजना उत्तम होती. परंतु त्या वरच्या खोल्या सभागृहाची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंच्या वापरांत होत्या, व त्यांना ही लुडबूड मुळींच पसंत पडली नाहीं. शेगड्या सभेपूर्वीं पेटावयाच्या, त्या सभा भरून बराच वेळ लोटल्यावर पेटविल्या जाऊं लागल्या, आणि सारी योजना फसली.

वायुवीजनाच्या इतिहासांतील हा पहिला धडा यंत्रशास्त्राचा नसून गृहशास्त्राचा आहे. ज्यांच्या वापराच्या जागेंत यंत्र बसवावयाचें, त्यांच्या सोयीची पर्वा ज्यानें केली नाहीं, त्याचें यंत्र चालू राहत नाहीं. त्या बाईंची तक्रार आवाजाची नव्हती. पण आज पंख्याची कळ बंद करणारा हात व शेगडी न पेटविणारा हात, यांची जात एकच आहे.

डेझाग्युलिएनें धीर सोडला नाहीं. १७३६ सालीं त्यानें त्याच सभागृहावर हातानें फिरवावयाचें सात फूट व्यासाचें एक पंख्याचें चाक बसविलें. तें एका पेटींत बंद असे. मध्यभागीं हवा घेई व कडेनें बाहेर टाकी. कोंदट हवा ओढून काढावयाची कीं ताजी हवा आंत सोडावयाची, हें सभाध्यक्षांनीं सांगावयाचें, आणि त्याप्रमाणें एका माणसानें चाक फिरवावयाचें, अशी व्यवस्था होती. गंमत अशी कीं, आज आपण ज्या उपकरणास ‘व्हेंटिलेटर’ म्हणतों, तें नांव त्या वेळीं हें चाक फिरविणाऱ्या माणसाचें होतें. हें चाक पुढें अनेक दशकें उपयोगांत राहिलें.

त्याच्या वेगाचा थोडा हिशेब करून पाहूं. सात फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारें बावीस फूट. माणसानें मिनिटास साठ फेरे दिले असें धरलें, तर चाकाची कड सेकंदास २२ फूट जाईल. आतां नऊ इंच व्यासाचा व मिनिटास १३५० फेरे घेणारा आजचा स्वयंपाकघरांतील पंखा घ्या. त्याच्या पात्याची कड सेकंदास सुमारें ५३ फूट धांवते. मनुष्याच्या बाहूंत विजेचा वेग नसल्यामुळें डेझाग्युलिएला चाक मोठें व संथ करावें लागलें. आणि मोठें व संथ हेंच शांततेचें मुख्य गमक आहे, हें शास्त्रानें सिद्ध करण्यास पुढें दोनशें वर्षें लागावयाचीं होतीं.

१६ ऑक्टोबर १८३४ रोजीं पार्लमेंटची जुनी वास्तु आगींत भस्मसात झाली. तात्पुरत्या सभागृहाची हवा सुधारण्याचें काम एडिंबरोच्या डेव्हिड बॉसवेल रीड या रसायनशास्त्राच्या अध्यापकास मिळालें. १८३६ सालीं त्यानें तेथें पंखा न वापरतां उंच धुराड्याच्या ओढीनें हवा हलविली. परंतु त्याची खरी कल्पकता हवा आंत घेण्याच्या रीतींत होती. त्यानें सभागृहाच्या जमिनीस असंख्य बारीक छिद्रें पाडलीं, व त्यांवर विरळ विणीचें जाजम अंथरलें. हवा एखाद्या झोतानें न येतां साऱ्या जमिनींतून झिरपल्यासारखी वर येई. एकाच तोंडांतून वेगानें येणारी हवा अंगास बोंचते व कानासहि लागते. तीच हवा शेंकडों तोंडांतून मंदपणें आली म्हणजे तिचें अस्तित्वहि जाणवत नाहीं. रीडनें हवा व श्रवण या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार केला, हें विशेष होय. कारण ज्या सभागृहांत वक्त्याचें भाषण ऐकूं येत नाहीं, तें हवेशीर असून काय उपयोग?

रीडनें पुढें लिव्हरपूल येथील सेंट जॉर्जेस हॉल या भव्य वास्तूची वायुव्यवस्था केली. हें सभागृह १८५४ सालीं उघडलें. तेथें तळघरांत वाफेच्या यंत्रानें फिरणारे दहा दहा फूट व्यासाचे चार पंखे होते, व हवेचे मार्ग माणसांना चालत जातां येईल एवढे प्रशस्त होते. त्या मार्गांतील कापडी पडदे उघडूनमिटून माणसें हवेचा प्रवाह कमीअधिक करीत. पंखे मोठे, मार्ग रुंद, आणि दोन्ही श्रोत्यांपासून दूर तळघरांत. आजचा कोणताहि कुशल यंत्रज्ञ शांततेसाठीं हेच तीन उपाय प्रथम सांगेल.

पार्लमेंटला जें परवडलें तें सामान्य घरास परवडणारें नव्हतें. घरापुरतें पाहावयाचें तर त्या काळीं आपल्याकडील रीति अधिक बोलकी आहे. छतास टांगलेला, दोरीनें ओढावयाचा कापडी पंखा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कलकत्त्यांतील युरोपियनांच्या घरांत रूढ झाला, व पुढें कचेऱ्या, न्यायालयें व श्रीमंतांचे दिवाणखाने यांतून देशभर पसरला. तो मिनिटांत थोडेच हेलकावे घेई, म्हणून त्याच्या वाऱ्याला आवाज नसे. कुरकुरे ती कप्पी. उत्तर हिंदुस्थानांत १८३० नंतर याहून पुढची एक युक्ति निघाली. खिडकींत एक भली मोठी लांकडी पेटी बसवावयाची, तिच्या तोंडांना वाळ्याच्या ओल्या तट्ट्या लावावयाच्या, व आंतील पंख्याचें चाक हातानें फिरवून गार हवा घरांत ढकलावयाची. या यंत्रास ‘थर्मँटिडोट’ असें जडजंबाल नांव होतें. दोरीचा पंखा घरांतीलच हवा ढवळी; हें यंत्र मात्र बाहेरची हवा आंत आणी. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आजहि छताच्या पंख्यास पुष्कळ लोक वायुवीजन समजतात. छताचा पंखा घाम वाळवितो; हवा बदलीत नाहीं.

या साऱ्या शांततेची किंमत कोणी दिली, हेंहि विसरूं नये. दुपारच्या उन्हांत ओसरीवर बसून, कित्येकदां पायाच्या अंगठ्यास दोरी बांधून, रात्ररात्र पंखा ओढणारा पंखेवाला हा त्या शांततेचा खरा आधार होता. साहेबाची झोंप त्याच्या जागरणावर उभी होती. विजेनें त्याला त्या कष्टांतून सोडविलें, हा विजेचा मोठाच उपकार होय. आवाजाबद्दल विजेला दोष देतांना ही गोष्ट तिच्या जमेस धरली पाहिजे.

१८८२ सालीं शुइलर व्हीलर या अमेरिकन यंत्रज्ञानें मेजावर ठेवण्याचा दोन पात्यांचा विजेचा पंखा तयार केला, व त्याच दशकांत फिलिप डील यानें विजेची मोटर जोडून छताचा पंखा सिद्ध केला. मुंबईंत वीज व ट्राम यांची कंपनी १९०५ सालीं स्थापन झाली. १९१५ सालीं खोपोलीच्या जलविद्युतकेंद्रांतून टाटांची वीज शहरास मिळूं लागली. मोटर जलद फिरावी हा तिचा स्वभाव. आणि जलद फिरणारा पंखा लहान असला तरी पुरेशी हवा फेंकतो. लहान पंखा स्वस्त, बसविण्यास सोपा, व थोडक्या जागेंत मावणारा. १९३६ सालीं इंग्लंडांत जोसेफ अकेस्टर यांनीं खिडकीच्या कांचेंतच बसणारा विजेचा पंखा काढला, आणि वायुवीजन हें सभागृहाच्या तळघरांतून निघून थेट घराच्या खिडकींत येऊन बसलें. सोय झाली; परंतु यंत्र दूर होतें तें कानाजवळ आलें, व संथ होतें तें वेगवान झालें. आवाजाचा प्रश्न घरांत शिरला तो या वाटेनें.

त्याच सुमारास आवाज मोजण्याची कलाहि सिद्ध होत होती. तिचा पाया हार्वर्ड विद्यापीठांतील वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकानें घातला. १८९५ सालीं तेथील एका नव्या व्याख्यानगृहांत शब्द इतका घुमे कीं, कोणास कांहीं कळेना. सॅबिननें जवळच्या नाट्यगृहांतील गाद्या रात्रीं आणून तेथें मांडल्या, घुमणारा नाद किती वेळ टिकतो तें घड्याळानें मोजलें, व प्रत्येक वस्तु किती आवाज शोषून घेते याचें कोष्टक तयार केलें. यासाठीं त्यानें जें माप घेतलें तें मोठें मार्मिक आहे: उघडी खिडकी. उघड्या खिडकींतून गेलेला आवाज परत येत नाहीं, म्हणून ती पूर्ण शोषक. मऊ, सच्छिद्र वस्तु आवाज गिळते, ही गोष्ट अंदाजाची न राहतां हिशेबाची झाली. १९०० सालीं उघडलेलें बोस्टनचें सिंफनी हॉल हें याच हिशेबावर बांधलें गेलें.

पुढें बेल टेलिफोन कंपनीच्या संशोधकांनीं आवाजाच्या तीव्रतेचें एक माप ठरविलें, व १९२८ सालीं त्यास ‘डेसिबल’ हें नांव मिळालें. १९२९ सालीं न्यूयॉर्क शहरानें गोंगाट-निवारण मंडळ नेमलें. त्या मंडळानें मोजण्याचीं यंत्रें मोटारींत घालून रस्तोरस्तीं फिरविलीं, व १९३० सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. गोंगाट ही नाजूक मनाच्या माणसांची कुरकूर नसून मोजतां येणारी वस्तु आहे, हें त्यामुळें लोकांस पटलें. १९३६ सालीं स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञानें ‘सोन’ हें आणखी एक माप सुचविलें. डेसिबल हें ध्वनीचें माप, तर सोन हें कानाच्या प्रतीतीचें. दोन सोनांचा आवाज एका सोनाच्या दुप्पट मोठा भासतो. अमेरिकेंत घरगुती पंख्यांवर आज हेंच माप छापलेलें असतें.

या मापांची खरी कसोटी ज्या वास्तूंत लागली, ती वास्तु नभोवाणीची, हें आपणां श्रोत्यांस ऐकून बरें वाटेल. ध्वनिक्षेपणाच्या कक्षांत बाहेरचा आवाज येऊं नये म्हणून खिडकी ठेवतां येत नाहीं. खिडकी नाहीं म्हणून हवा यंत्रानें आणावी लागते. आणि यंत्राचा घोंघाट तर ध्वनिग्राहकास अजिबात चालत नाहीं. मुंबईचें नभोवाणीकेंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, व लंडनचें ब्रॉडकास्टिंग हाऊस १९३२ सालीं. लंडनच्या त्या वास्तूंत ध्वनिक्षेपणाचे कक्ष मध्यवर्ती मनोऱ्यांत बिनखिडक्यांचे बांधले, व सभोंवार कचेऱ्यांचें कोट केलें. अशा कक्षांना हवा देतां देतां यंत्रज्ञ जें शिकले, तेंच पुढें इस्पितळांना, चित्रपटगृहांना व शेवटीं घरांना उपयोगी पडलें. पंखा दूर ठेवावा. तो रबराच्या किंवा स्प्रिंगांच्या बैठकीवर बसवावा. पंखा व नळ यांच्यामध्यें कापडी सांधा ठेवावा, म्हणजे कंप नळांत उतरत नाहीं. नळाला आंतून मऊ, सच्छिद्र अस्तर लावावें, म्हणजे आवाज वाटेंतच जिरतो. आणि हवा हळू चालवावी.

१९३६ सालींच एक विलक्षण कल्पना कागदावर उतरली. पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञास अमेरिकेंत असें एकस्व मिळालें कीं, नळांतून येणारा आवाज ध्वनिग्राहकानें टिपावा, व त्याच्या नेमका उलट आवाज कर्ण्यांतून सोडून दोहोंनीं एकमेकांस नाहींसें करावें. एका लाटेच्या शिखरावर दुसरीचा खळगा पडला कीं पाणी सपाट होतें, तसाच हा प्रकार. परंतु इतक्या चपळपणें हिशेब करणारें उपकरण त्या काळीं नव्हतें. मोठ्या इमारतींच्या नळांत ही युक्ति प्रत्यक्ष उतरली ती १९८० च्या दशकांत. ती मंद्र गुरगुर उत्तम शमविते. तरीहि सामान्य घरास तिची गरज क्वचितच पडते. कारण जो आवाज उत्पन्नच होऊं दिला नाहीं, त्याला मारण्याचा खर्च करावा लागत नाहीं.

आवाज उत्पन्न कां होतो, याचा गणिती उलगडा मायकेल जेम्स लाइटहिल या इंग्रज गणितज्ञानें १९५२ सालीं आरंभिला. त्याचा विषय विमानाच्या मागें सुटणारा झोत हा होता. झोताचा वेग दुप्पट केला तर त्याची ध्वनिशक्ति वेगाच्या आठव्या घाताप्रमाणें, म्हणजे २५६ पट, वाढते, असें त्यानें दाखविलें. घरगुती पंख्याचा नियम इतका उग्र नाहीं, पण त्याच कुळांतील आहे. पंख्याची ध्वनिशक्ति सामान्यतः वेगाच्या पांचव्या घाताप्रमाणें वाढते. तोच पंखा निम्म्या वेगानें फिरविला तर हवा निम्मी मिळते. परंतु आवाज सुमारें १५ डेसिबलांनीं उतरतो, व वीज आठव्या हिश्श्यावर येते. दहा डेसिबलांची उतार म्हणजे कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या व्यवहारांतील नफा कळून येईल. थोडी हवा सतत मिळणें हें पुष्कळ हवा घटकाभर मिळण्यापेक्षां प्रकृतीसहि हितकर व कानासहि सुखकर.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर थंड देशांतील लोक इंधन वांचविण्यासाठीं घराच्या फटी बुजवूं लागले, तेव्हां या नियमाची परीक्षा घराघरांत झाली. फटी बुजल्यावर हवा यंत्रानें देणें भाग पडलें, व तें यंत्र रात्रंदिवस, निजण्याच्या खोलींतसुद्धां, चालूं लागलें. जर्मनींत डार्मस्टाट शहराच्या क्रानिखस्टाइन भागांत १९९१ सालीं वोल्फगांग फाइस्ट व बो अडामसन यांच्या संशोधनावरून उभारलेलीं चार जोडघरें यांत आदर्श ठरलीं. त्यांच्यापासून जी ‘पॅसिव्ह हाउस’ पद्धति निघाली, तिच्यांत राहण्याच्या खोलींतील यंत्राचा आवाज २५ डेसिबलांहून अधिक नसावा असा दंडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालीं निजण्याच्या खोलीसाठीं ३० डेसिबलांची मर्यादा सुचविली होती; तिच्याहि खालचा हा दंडक होय.

जेथें ही काळजी घेतली गेली नाहीं तेथें काय घडलें, तें नेदरलंडांतील आमर्सफोर्ट शहरानें पाहिलें. तेथील वाथोर्स्ट या नव्या वसाहतींत घरें अशींच बंदिस्त होतीं व हवा यंत्रानें मिळे. २००७-०८ च्या सुमारास तेथील रहिवाश्यांनीं प्रकृतीच्या तक्रारी पुढें मांडल्या, व चौकशी झाली. अनेक दोषांबरोबर एक साधी गोष्ट उघड झाली: यंत्राचा आवाज असह्य होत असल्यामुळें लोक तें अगदीं मंद ठेवीत, आणि मंद ठेवल्यामुळें घरांत पुरेशी हवा येत नसे. लोकांचा यांत काय अपराध? गोंगाटापेक्षां कोंदटपणा कानाला लागत नाहीं, म्हणून माणूस कोंदटपणा पत्करतो. २०१२ सालीं त्या देशाच्या बांधकामनियमांत घरांतील वायुयंत्राच्या आवाजास ३० डेसिबलांची मर्यादा घालण्यांत आली. डेझाग्युलिएच्या शेगड्या ज्या कारणानें निजल्या, तोच धडा जवळजवळ तीनशें वर्षांनंतर कायद्याच्या पुस्तकांत आला.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा ठरविली आहे. पण ती मोकळ्या वातावरणांतील आवाजाची. आपल्याच न्हाणीघरांतील पंखा किती ओरडतो, हें पाहण्यास कोणी अधिकारी यावयाचा नाहीं. मुंबई-पुण्याच्या इमारतींत न्हाणीघर बहुधा आंतल्या चौकाकडे तोंड करून असतें, व स्वयंपाकघरांतील धूर ओढणाऱ्या ‘चिमणी’चा नळ दोन-तीन कोंपरे वळून बाहेर निघतो. तेव्हां इतिहासानें शिकविलेलें आपल्या घरापुरतें कसें लागू करावें, तें थोडक्यांत सांगतों.

पंखा विकत घेतांना गरजेपेक्षां एक माप मोठा घ्यावा व तो कमी वेगानें चालवावा. नळ रुंद, आंखूड व सरळ असावा. चार इंचांऐवजीं सहा इंचांचा नळ घातला तर वाट सव्वादोन पट रुंद होते, व तितकीच हवा निम्म्याहूनहि कमी वेगानें जाते. घड्यांचा लवचीक नळ सोयीचा खरा, पण त्याची प्रत्येक घडी हवेला अडविते. शक्य तेथें गुळगुळीत नळ घालावा, आणि लवचीक घालणें भागच असेल तर तो पूर्ण ताणून बसवावा. काटकोनाऐवजीं वळण गोल द्यावें, व पंख्याच्या तोंडाशीं लागूनच वळण देऊं नये. पंखा भिंतीस नुसता खिळवूं नये. मध्यें रबर घालावें. शक्य असेल तेथें तो खोलींत न ठेवतां नळाच्या पलीकडल्या टोंकाकडे न्यावा. अस्तर लावलेला आवाजशोषक नळ न्हाणीघरास किंवा निजण्याच्या खोलीस उत्तम. परंतु स्वयंपाकघरांत तो कधींहि वापरूं नये, कारण अस्तरांत तेल मुरतें व आगीस निमित्त होतें.

आणखी दोन गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. पात्यांवर तेलाचा व धुळीचा थर बसला म्हणजे पंख्याचा तोल जातो व तो थरथरूं लागतो. महिन्या दोन महिन्यांनीं पातीं व जाळी धुतलीं तर पुष्कळदां ‘बिघडलेला’ पंखा आपोआप सुधारतो. दुसरी गोष्ट अशी कीं, जितकी हवा बाहेर जावयाची तितकी आंत आली पाहिजे. दारें-खिडक्या घट्ट लावून पंखा चालविला तर तो हवेसाठीं धडपडतो, आवाज वाढतो व काम घटतें. न्हाणीघराच्या दाराखालीं बोटभर फट ठेवली तरी तो शांत होतो.

यांतील एकहि उपाय नवा नाहीं. डेझाग्युलिएचें मोठें चाक, रीडची झिरपती हवा, लिव्हरपूलचे रुंद मार्ग, नभोवाणीच्या कक्षाचे अस्तराचे नळ, यांचींच हीं घरगुती रूपें आहेत. फरक इतकाच कीं, पूर्वीं तीं राजसभांना व नाट्यगृहांना मिळालीं, आणि आज दोन खोल्यांच्या बिऱ्हाडासहि परवडतात. मात्र घर बांधणाराकडे तीं मागावीं लागतात. नळाचा मार्ग भिंती उभ्या राहण्यापूर्वीं ठरतो. मागाहून केवळ दुरुस्ती उरते. म्हणून नवें घर घेणारानें फरशीच्या रंगाबरोबर हवेच्या नळाचीहि चौकशी करावी, आणि जुन्या घरांत राहणारानें उद्यां सकाळीं पंख्याची जाळी उतरवून पाहावी, इतकें सुचवून हें भाषण पुरें करतों.